गावाला गेला होतात का?

संक्रांत होऊन चार-आठ दिवस झाले असतील, देवासची मावशी आली. फाटकाची कडी लावली, पायरीशी चपला काढल्या, गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबली आणि बागेकडे बघत म्हणाली, "अगं, गावाला गेला होतात का? सगळं वाळून गेलंय की!" मी नुसती हसले. म्हटलं, नाही गं, इथंच होतो. "मग माळी येत नाही वाटतं," असं स्वतःशीच म्हणत तिनं तिळाच्या वड्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि तिच्यापुरता विषय संपला. माझ्यापुरता संपला नाही. रात्री ओटा आवरताना, सकाळी दूध तापवताना ते वाक्य मध्येच डोकं वर काढायचं. कारण माळी येत होता, पाणी होतं, आम्ही घरीच होतो, आणि ते गवत मी मुद्दाम वाळू दिलं होतं. पायरीच्या दोन्ही अंगांना तांबड्या फाउंटन ग्रासचे गड्डे आहेत. आषाढापासून दिवाळीपर्यंत त्यांची पाती जांभळट तांबडी असतात, त्यांतून गुलाबीसर तुरे बाहेर झुकतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटरीला लागतात. जानेवारीत तेच सगळं गव्हाळ होतं, कुरकुरीत होतं, तुरे अर्धेअधिक झडून काड्या उरतात. नवाच्या सुमारास तिरपं ऊन त्यातून आरपार आलं की मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसते. हे मावशीला कसं सांगणार? "गवत बघत बसते" असं सांगितलं असतं तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

तिचं तरी काय चुकलं म्हणा. ती आणि आई इथल्याच, इंदूरच्या रामबागेतल्या ज्या वाड्यात वाढल्या, तिथं गवताला कामं नेमून दिलेली होती. दूर्वा गणपतीला. दर्भ श्राद्धाच्या दिवशी, पवित्रक होऊन आजोबांच्या बोटात. गवती चहा मोरीच्या पाण्यावर, आणि त्याची पाती तोडताना बोट कापलं तर रडायचं नाही, आधी पाती आजीला नेऊन द्यायची. वाळ्याची पुरचुंडी उन्हाळ्यात माठात, वाळ्याच्या ताट्या खिडकीला. त्यांच्यावर दुपारी तांब्यानं पाणी मारायचं काम आम्हा नातवंडांचं. याउपर जे काही हिरवं जमिनीतून वर येईल ते खुरप्यानं काढायचं. श्रावण संपत आला की आजी सगळ्यांना अंगणात ओळीनं उकिडवं बसवायची. काळी माती पावसात अशी धरून ठेवते की वर पाती हातात येतात आणि खाली मूळ तसंच राहतं. मग आजी मागून येऊन पुन्हा तीच जागा दाखवायची. दूर्वांचा एक चौकोन तेवढा राखायचा. बाकी अंगण शेणानं सारवून लख्ख. बघण्यासाठी जास्वंद होती, कण्हेर होती, संध्याकाळी मोगरा होता. बघण्यासाठी गवत लावावं हे त्या घरात कुणाला सुचणंच शक्य नव्हतं.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मात्र गवत बघण्यासाठीच होतं, पण ते लॉन होतं. सासऱ्यांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर बसवलेलं, 'सिलेक्शन' जातीचं. म्हणजे मुळात दूर्वाच, फक्त बारीक पानाची, दाट, सतत कापत राहायची. सासरे रोज संध्याकाळी पाइप धरून उभे राहायचे. १९७८ साली नर्मदा इंदूरला आली ती सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून, घाट चढवून, पंपावर पंप लावून. ते पाणी आमच्या पाइपातून त्या हिरवळीवर पडायचं. सासऱ्यांना याचा कोण अभिमान! पाहुण्यांना चपला काढून लॉनवर चालायला लावायचे. मीही चालले आहे, पायांना ते गार वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो, रस्त्याच्या कडेची माती भेगाळते, आणि फाटकाच्या आत तेवढा एक तुकडा हिरवागार. त्याच्याकडे पाहून मला अवघडल्यासारखं व्हायचं. मनातलं बोलले नाही. सासरे होते तोवर लॉनला हात लावायची कुणाची टाप नव्हती, आणि ते गेल्यावर कितीतरी दिवस मीच पाइप धरून उभी राहत होते.

मला गवताचं वेड लागलं ते सिरपूर तलावावर. भाद्रपदात पाऊस ओसरायला लागतो, ढगांतून मध्येच धुतलेलं ऊन पडतं, आणि तलावाच्या काठाला, महूच्या रस्त्यालगतच्या पडीक तुकड्यांवर कांस फुलतो. पांढरा म्हणावा तर पांढरा नाही, रुपेरी म्हणावा तर तितका चकचकीत नाही. वारा आला की सगळा काठ एकदम एका बाजूला झुकतो. पितृपक्षाच्या आगेमागेच हे होत असल्यानं त्या देखण्या दृश्यात मला नेहमी थोडं उदासही वाटतं, आणि ते उदास वाटणंही आवडतं. आमच्या माळीभैयांना विचारलं, हा कांस घरी लावता येईल का? ते खाली बसून गुलाबाच्या आळ्यात हात घालत होते. हात तसाच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाईसाब, कांस? लोग मर गए उसको निकालते-निकालते." त्यांच्या बापाच्या शेतात एकेकाळी कांस शिरला होता. बैलांचा नांगर त्याच्या मुळांपर्यंत पोचायचाच नाही. वरून नांगरलं की खालच्या तुकड्यातुकड्यातून दुप्पट उगवायचा, आणि शेवटी ती जमीन सोडून दिली. मी हे माळव्यातलं घरगुती दुःख समजत होते. पुढं वाचनात आलं की १९४९ साली जागतिक बँकेनं भारताला शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं, ते प्रामुख्यानं मध्य भारतातल्या कांसानं गिळलेल्या जमिनी ट्रॅक्टरनं खोल नांगरून मोकळ्या करायला. स्वतंत्र देशाच्या अगदी सुरुवातीच्या कर्जांपैकी एक, आणि ते गवत उपटण्यासाठी! भैयांना हे सांगितलं. त्यांना अजिबात नवल वाटलं नाही.

कांस मी तलावावरच बघते.

घरात आणलं ते जागेवर राहणारं. तांबडं फाउंटन ग्रास याच हिशेबानं, कारण त्याला रुजणारं बी धरतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याचाच हिरवा भाऊबंद मात्र वाऱ्यावर बी उधळतो आणि कित्येक देशांत तो उपद्रव होऊन बसला आहे. नर्सरीत दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात. गच्चीचं पाणी पन्हळीतून जिथं कोसळतं आणि दर पावसाळ्यात माती उकरून नेतं तिथं वाळा लावला. त्याची मुळं आजूबाजूला हातपाय पसरत नाहीत, सरळ खाली जातात, तीन-तीन मीटर. दोन पावसाळ्यांत तिथली घळ बुजली. वाळ्याला बघण्यासाठी कुणी लावत नाही, पण पावसानंतर त्याची पाती मध्यावर मोडून खाली लोंबतात आणि त्या घडीवर पाण्याचा थेंब बराच वेळ टिकतो. मला तो सगळ्यात देखणा वाटतो. बाहेरच्या नळाशी छत्री गवत आहे. ते खरं तर गवत नाही, लव्हाळ्याच्या घरातलं आहे, दांडा बोटांत फिरवून पाहिला की तिधारी लागतो. नर्सरीवाल्याला या वंशावळीचं काही देणंघेणं नसतं. त्याच्याकडे तर 'लकी बांबू' म्हणून काचेच्या भांड्यात ड्रॅसीना असते आणि 'बांबू पाम' म्हणून चक्क एक पाम.

खऱ्या बांबूची गोष्ट पश्चिमेच्या खिडकीपासून सुरू झाली. त्या खोलीत एप्रिलपासून दुपारी बसवत नसे. भिंत रात्री अकरापर्यंत तापलेली. पिवळ्या खोडावर हिरव्या रेघा असलेला बांबू सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो, पण तो तीन-चार मजल्यांची उंची सहज गाठतो आणि मुठीत मावत नाही एवढा जाड होतो. आमच्या प्लॉटात तो लावला तर आम्हाला बाहेर राहायला लागलं असतं. म्हणून बारीक कांडीचा, कुंपणाला लावतात तो घेतला. घरातल्यांनी मोबाइलवर भीतिदायक व्हिडिओ दाखवले, कुठं परदेशात बांबू शेजाऱ्याच्या फरशीतून वर आलेला. तो पळणारा बांबू, चीन-जपानकडच्या थंड मुलखातला. त्याचं भूमिगत खोड लांब लांब धावत जातं. आपल्याकडचे बहुतेक बांबू बेट करून बसतात, एकाला लागून एक. हातपाय आवरून बसणारी ही मंडळी दरवर्षी थोडी थोडी रुंद होतात एवढंच, आणि तेवढी जागा सुरुवातीलाच सोडायची. मी भिंतीपासून सहा फूट सोडली.

पहिला नवा कोंब आला तेव्हा पाऊस लागून पंधरा-वीस दिवस झाले होते. बांबूचं हे एक मला अजून पचलेलं नाही. झाड म्हटलं की ते रोपट्यापासून हळूहळू जाड होत जातं अशी आपली समजूत. हा जमिनीतून बाहेर येतानाच आपली पूर्ण जाडी घेऊन येतो. तपकिरी आवरणात गुंडाळलेला, टोकदार. सकाळी पाहावा तर कालच्या विटेच्या वर, परवा पाहावा तर खिडकीच्या चौकटीशी. एक-दोन महिन्यांत जी काय उंची गाठायची ती गाठतो, आणि त्यानंतर आयुष्यभर ना बोटभर वाढतो ना रुंदावतो. मग नुसता पक्का होत राहतो. तीनेक वर्षं त्याला त्यात लागतात. सासूबाई तेव्हा होत्या. त्या खिडकीत खुर्ची घेऊन बसायच्या आणि रोज संध्याकाळी मला बातमी द्यायच्या, "आज तो मधला पडद्याच्या दांडीपर्यंत आला बरं का." ज्या बाईनं बांबू आणला त्या दिवशी "तिरडीचं झाड कशाला घरात" म्हणून जेवण टाकलं होतं, तीच ही.

तिरडीचं म्हणाल तर ते मनात येतंच. सासरे गेले त्या सकाळी गल्लीतली चार माणसं सामान आणायला निघाली, तेव्हा त्यांतल्या एकाची नजर आमच्या बेटावर गेली आणि लगेच बाजूला झाली. कांड्या बारीक, त्या कामाच्या नव्हत्याच. मला त्याचा राग आला नाही. माझीही नजर तिथंच गेली होती. आणि पुढच्या पाडव्याला, वर्षाचं सुतक-सण सगळं आटोपल्यावर, गुढीची काठी आम्ही त्याच बेटातून काढली. तिला तेल लावलं, वर कडुलिंब, गाठी, सासूबाईंचं जुनं जरीचं खण. त्या काठीच्या वर ऊन पडलं होतं. एकाच झाडाकडे दोन्ही कामांसाठी बघायचं हे आपल्याकडे कुणाला विसंगत वाटत नाही. मला वाटतं. तरी काठी मी तिथलीच घेते.

काठी कोणती काढायची हे मात्र भैयांनी शिकवलं. पावसाळ्यात कापायची नाही. थंडीत, आणि तीही किमान तीन पावसाळे पाहिलेली. कोवळ्या कांडीत साखर-स्टार्च जास्त, तिला भुंगेरा लवकर लागतो आणि आतून पीठ होऊन सांडतं. म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर त्या वर्षीच्या कांड्यांना मी ऑइलपेंटची रेघ मारते, एका वर्षी निळी, पुढच्या वर्षी पांढरी. भैया म्हणतात अमावास्येच्या बाजूला कापावी, उजेडाच्या पंधरवड्यात नको. मी वाद घालत नाही, अमावास्येच्याच बाजूला कापते.

आता इंदूरचं काय ते सांगायला हवं, कारण ही सगळी कहाणी पुण्यात किंवा नागपुरात घडली असती तर वेगळी झाली असती. आमचं शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय, आणि त्याचा आम्हाला जो काही माज आहे तो आहे. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते, माणसं डबे घेऊन दारात उभी असतात, पान खाणारासुद्धा थुंकण्याआधी इकडंतिकडं बघतो. ही हौस आजची नाही. प्लेगच्या दिवसांत पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार होळकरांनी इथं बोलावला होता. १९१८ साली त्याचा इंदूरवरचा मोठा अहवाल निघाला. त्यानं दिवाळीची मिरवणूक काढली आणि ती सगळ्यात स्वच्छ केलेल्या भागांतून जाईल असं जाहीर केलं. मिरवणुकीत प्लेगचा भलाथोरला उंदीर होता. गल्ल्या झाडण्याची अशी चढाओढ तेव्हाही लागली होती. अशा गावात बांबू लावायचा म्हणजे काय, हे फाल्गुनात कळतं. नवी पालवी फुटायच्या सुमाराला जुनी पानं झडतात, रोज, दिवसभर, आणि ती इतकी हलकी की कुठं पडायचं ते वारा ठरवतो. शेजारच्या भाभी पहाटे त्यांच्या दारासमोरचा रस्ता झाडतात, सडा मारतात, आणि आत जाऊन चहा ठेवेपर्यंत आमची पन्नास पानं तिथं हजर. त्या कधी भांडल्या नाहीत. फक्त एकदा फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, "भाभीजी, पेड़ तो अच्छा है," आणि पुढचं बोलल्याच नाहीत. त्या न बोललेल्या अर्ध्या वाक्यानं मी आठवडाभर बेचैन होते. मी आता त्यांच्याआधी उठून त्यांचं दारही झाडते.

झाडलेल्या पानांचं करायचं काय, याचं उत्तरही इंदुरातच सापडलं. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शेतीशास्त्रज्ञ इथल्या वनस्पती संशोधन संस्थेत होता, आज जिथं कृषी महाविद्यालय आहे तिथं. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक दिवसांनी उलटेपालटे करून तीनेक महिन्यांत खत करायची जी रीत त्यानं बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. त्याच्या कामात बरोबरीनं राबलेला रसायनज्ञ आपला मराठी माणूस, यशवंत वाड. १९३१ सालच्या त्यांच्या पुस्तकावर दोघांचीही नावं आहेत. आमच्याकडे हॉवर्ड एखाद्याला माहीत असतो, वाड कुणालाच नाही. त्यांची अडचण माझ्यासारखीच होती: कपाशीच्या, तुरीच्या काटक्या इतक्या टणक की कुजायलाच तयार नाहीत. मग त्यांनी त्या काटक्या शेतातल्या गाडीवाटांवर पसरल्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतल्या. हे वाचलं त्या दिवशी मी उठून बांबूची पानं फाटकापासून पोर्चपर्यंत पसरली. बांबूच्या पानात वाळूतला तोच सिलिका असतो, ती महिनोन्महिने जशीच्या तशी राहतात. आमची कार आणि मुलीची अ‍ॅक्टिव्हा दिवसातून आठ-दहा वेळा त्यावरून जाते, आणि पंधरा दिवसांत पानांचा चुरा होतो. तो शेण आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याबरोबर रचला की पावसाळ्याआधी खत तयार. देवगुराडियाला शहराच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा मोठा प्रकल्प २०२२ पासून चालू आहे, रोज साडेपाचशे टन घेण्याच्या क्षमतेचा, तिथं माझ्या पानांची काही गरज नाही. पण ते पंधरा दिवस! येणारा प्रत्येक जण फाटकातच थबकतो. देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहरात, दारापासून घरापर्यंत पाचोळा अंथरलेला. नवरा म्हणतो, निदान एक पाटी लाव.

भिंतीला तडा गेला तेव्हा दोष अर्थातच बांबूवर आला. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. या वस्तीत तडा नसलेली कंपाउंड भिंत दाखवा. बांबूची मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच जाळं विणतात, भिंत फोडायला पायाखाली जात नाहीत. पण तो आसपासची ओल शोषून घेतो, त्यामुळे माती आणखी आक्रसते, हेही खरं आहे. तेव्हा मी उन्हाळ्यात त्या पट्ट्यावर पाचोळ्याचा जाड थर देते आणि आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. तडा वाढलेला नाही. दोषारोपही कमी झालेला नाही.

या सगळ्या कटकटीच्या बदल्यात काय मिळतं, तर मुख्यतः आवाज. फुलझाडांच्या बागेत वारा आला तरी तो दिसतो, ऐकू येत नाही. मे महिन्यात रात्री वीज गेली की आम्ही पश्चिमेच्या खोलीची खिडकी उघडतो. माळव्यातल्या रात्री उन्हाळ्यातही दिवसाच्या मानानं सुसह्य असतात, दहानंतर वाऱ्याची झुळूक सुटते. ती बेटात शिरली की पाऊस आल्याचा आवाज होतो. अगदी तोच, दूरवरून जवळ येणारा. दरवर्षी निदान एकदा तरी कुणीतरी अर्धवट झोपेत "कपडे काढा वरचे" म्हणून ओरडतं. कांड्या एकमेकींवर घासून करकरतात तो आवाज वेगळा, तो सासूबाईंना आवडायचा नाही. त्या रात्री उठून देवाजवळचा दिवा पाहून यायच्या. वाळलेल्या फाउंटन ग्रासचा आवाज आणखी निराळा, कागदी, कोरडा, आणि तो फक्त डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतच असतो. हिरवं असताना ते मुकं असतं. याच महिन्यांत मनोल्या, म्हणजे मुनिया पक्षी, येतात. तपकिरी, पोटावर खवल्यांची नक्षी असलेल्या, चार-पाचच्या टोळीनं. काडीवर बसतात, काडी त्यांच्या वजनानं जमिनीला टेकते, मग ती सोडून दुसरीवर. वाळका तुरा उपसताना त्यांची जी खटपट चालते ती बघण्यात माझी भाजी एकदा करपली आहे. जानेवारीत सगळं कापून साफ केलं असतं तर आवाजही गेला असता आणि मनोल्याही.

कापायचं असतंच, ते होळीच्या आधी. बुंध्यापासून वीतभर ठेवून मूठ मूठ धरून विळ्यानं, हाताला जुने मोजे चढवून. मधला गड्डा मेलेला वाटला तर खणून काढायचा आणि कडेचे जिवंत तुकडे पावसाळ्याच्या तोंडावर वेगळे लावायचे. आठवडा-दोन आठवडे ती जागा अगदी भकास दिसते आणि त्या दिवसांत कुणी आलं की म्हणतं, "वा, आता कशी बाग स्वच्छ दिसतेय."

बांबूची एक धास्ती तेवढी मनात असते. तो फुलतो कधी कधी, आणि कित्येक जातींत फुलला की मरतो. काटेरी कळक चाळीस-पन्नास वर्षांनी, मिझोराममधला एक सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी, आणि तेव्हा सगळं रान एकदम. त्याहून चमत्कारिक म्हणजे बेटाचा तुकडा तोडून दुसरीकडे लावला तरी त्याचं घड्याळ मूळ बेटाचंच राहतं. म्हणजे माझ्या बेटाचं खरं वय मी लावल्यापासून मोजायचं नाही. ते कुणाच्या आजीच्या वेळचंही असू शकेल. कायद्यालाही बांबूचं काय करावं हे फार काळ कळत नव्हतं: १९२७च्या वन कायद्यानं त्याला झाडांत धरलं होतं, आणि २०१७ साली दुरुस्ती करून त्याला तिथून वगळलं, तेव्हा कुठं आपल्या शेतातला बांबू तोडून न्यायला शेतकऱ्याला वनखात्याकडे जायची गरज उरली नाही. माझ्या गुढीच्या काठीला तशीही कुणाची परवानगी नको होती, पण मला त्या वर्षी उगाचच बरं वाटलं.

सध्या घरात वाद चालू आहे तो उरलेल्या लॉनचा. सासऱ्यांच्या हिरवळीचा निम्मा भाग अजून शिल्लक आहे, आणि मला तिथं रोशा हवा आहे. मानपूरचा घाट उतरून निमाडात शिरलं की पावसाळ्याच्या शेवटी डोंगरउतारांवर हे गवत असतं, पाती चुरगाळली की बोटांना गुलाबाचा वास राहतो. नुसता भास नाही. गुलाबाच्या अत्तरात जो घटक असतो तोच यात भरपूर आहे, आणि एकेकाळी याचं तेल मुंबईहून जहाजानं तुर्कस्तानकडे जायचं ते तिथल्या महागड्या गुलाबतेलात मिसळायला. निमाडची ही लबाडी मला फार आवडते. शिवाय त्याला नर्मदेचं पाणी पाजावं लागणार नाही, पाऊस पुरेल. नवऱ्याचं म्हणणं, बाबांचं लॉन आहे, थोडं तरी राहू दे, संध्याकाळी बसायला कुठं जायचं? त्याचं म्हणणं मला मोडवत नाही, कारण पाइप धरून उभी राहणारी मीही होतेच. शेवटी असं ठरलं आहे की रोशा कडेनं लावायचा आणि मध्ये खुर्च्या ठेवण्यापुरती हिरवळ राखायची. किती खुर्च्या, यावर अजून एकमत नाही. तो सहा म्हणतो, मी दोन.